घेणारा तोच देणारा

(इंटरनेटवरून मोठी फाइल कशी आणावी, याचा एक वेगळा मार्ग या पाठात सांगितला आहे. या मार्गात प्रत्येक घेणाऱ्याला देणाराही व्हावे लागते. हे काम करणाऱ्या एका मुक्त संगणक प्रोग्रामची ओळख लेखकाने सोप्या भाषेत करून दिली आहे.)

मुलांनो, समजा, परीक्षा आठ दिवसांवर आली आहे. सरांनी सरावासाठी चाळीस पानांची एक वही तयार केली आहे. वही एकच आहे आणि वर्गात मुले चाळीस आहेत. प्रत्येकाला ती उतरवून घ्यायची आहे. आता तुम्ही काय कराल?

एक मार्ग असा. सरांच्या टेबलापुढे रांग लावायची. पहिल्या मुलाने सगळी वही उतरवायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. चाळिसाव्या मुलाची पाळी येईपर्यंत परीक्षा होऊनही जाईल!

दुसरा मार्ग पाहा. वहीची पाने सुटी करायची. प्रत्येकाला एक पान द्यायचे. आपले पान उतरवून झाले की शेजाऱ्याशी अदलाबदल करायची. आता एकाच वेळी चाळीस हात लिहू लागतात. सरांचे टेबल मोकळे होते. एका पानाच्या दोन प्रती होतात, दोनाच्या चार होतात. संध्याकाळपर्यंत वही सर्वांकडे पोहोचते. रांगेत चाळीस मुले म्हणजे अडचण होती. इथे चाळीस मुले म्हणजे मदत झाली.

इंटरनेटवरही असेच दोन मार्ग आहेत. नेहमीच्या मार्गात फाइल एका मोठ्या संगणकावर ठेवलेली असते. त्याला सर्व्हर म्हणतात. सर्वजण त्याच्याकडेच मागतात. मागणारे वाढले की त्याच्यावर ताण येतो आणि प्रत्येकाला फाइल हळूहळू मिळते. दुसऱ्या मार्गात फाइल मागणारे संगणकच एकमेकांना तिचे तुकडे देतात. तेथे कोणी मालक नाही आणि कोणी नोकर नाही. सर्व बरोबरीचे असतात. म्हणून अशा संगणकाला ‘पिअर’, म्हणजे बरोबरीचा जोडीदार, असे म्हणतात.

या दुसऱ्या मार्गाची एक प्रसिद्ध पद्धत म्हणजे बिटटॉरंट. अमेरिकेतील ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने ती तयार केली आणि २००१ साली लोकांपुढे ठेवली. या पद्धतीने चालणारे पुष्कळ प्रोग्राम पुढे निघाले. त्यांपैकी एकाचे नाव आहे क्यूबिटटॉरंट. त्याची सुरुवात २००६ साली फ्रान्समध्ये ख्रिस्तोफ द्युमेझ यांनी केली. आज निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक तो सांभाळतात. सुमारे ७० भाषांमध्ये त्याचे भाषांतर झाले आहे. त्यात जाहिराती नाहीत आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

आता हा प्रोग्राम काम कसे करतो ते पाहू.

प्रथम फाइलचे लहान लहान तुकडे मानले जातात. समजा, फाइल ४ जी.बी.ची आहे आणि एक तुकडा ४ एम.बी.चा आहे. १ जी.बी. म्हणजे १,०२४ एम.बी. म्हणून त्या फाइलचे १,०२४ तुकडे होतील. या तुकड्यांची यादी एका छोट्या फाइलमध्ये असते. तिला टॉरंट फाइल म्हणतात. लक्षात ठेवा, टॉरंट फाइलमध्ये पुस्तक किंवा चित्रपट नसतो. तिच्यात नाव, आकार आणि तुकड्यांची ओळख असते. ती लग्नाच्या पत्रिकेसारखी आहे. पत्रिकेत पत्ता असतो, जेवण नसते!

तुकड्यांची ओळख म्हणजे काय? प्रत्येक माणसाच्या अंगठ्याचा ठसा वेगळा असतो. तसाच प्रत्येक तुकड्याचा एक ठसा गणिताने काढला जातो. त्याला हॅश म्हणतात. तुकड्यातील एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा बदलतो. अनोळखी संगणकाकडून तुकडा आला की प्रोग्राम त्याचा ठसा काढतो आणि यादीतील ठशाशी ताडून पाहतो. ठसा जुळला तर तुकडा ठेवायचा. जुळला नाही तर फेकून द्यायचा आणि पुन्हा मागायचा. म्हणूनच ज्यांचे तोंडही आपण पाहिलेले नाही, अशा शेकडो लोकांकडून फाइल घेता येते.

ठसा काढण्याच्या जुन्या रीतीला शा-१ असे नाव होते. २०१७ साली संशोधकांनी एकच शा-१ ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या फाइली तयार करून दाखवल्या. म्हणजे कुलूप जुने झाले होते. तेव्हा बिटटॉरंटच्या दुसऱ्या आवृत्तीत शा-२५६ ही अधिक मजबूत रीत घेण्यात आली. क्यूबिटटॉरंटमध्ये ही सोय २०२२ साली आली.

आता प्रश्न असा की, या फाइलसाठी कोणकोणते संगणक आले आहेत हे कळते कसे? त्यासाठी ट्रॅकर नावाचा एक संगणक असतो. तो स्वतः फाइल देत नाही. ‘या फाइलसाठी हे हे संगणक आले आहेत,’ एवढेच तो सांगतो. पण ट्रॅकर बंद पडला तर? त्याचीही तरतूद आहे. पत्त्यांची ही वही थोडी थोडी सर्वांमध्ये वाटून ठेवता येते. त्या व्यवस्थेला डी.एच.टी. म्हणतात. तेथे एक संगणक दुसऱ्याला विचारतो आणि दुसरा तिसऱ्याचा पत्ता सांगतो. नवीन गावात आपण असेच विचारत विचारत घर शोधतो ना?

वर्गातील वहीकडे पुन्हा येऊ. समजा, सतरावे पान एकाच मुलाकडे आहे आणि तो मधल्या सुट्टीत घरी निघाला आहे. तो गेला तर सर्वांचीच वही अपुरी राहील. शहाणा वर्ग काय करील? सर्वांत आधी सतरावे पान उतरवून घेईल. क्यूबिटटॉरंटही तेच करतो. जो तुकडा कमी लोकांकडे आहे, तो तुकडा तो आधी मागतो. त्यामुळे दुर्मीळ तुकडा दुर्मीळ राहत नाही. फाइल पहिल्या पानापासून क्रमाने आणायची असेल तर तसेही सांगता येते. पण सर्वांच्या दृष्टीने पहिली रीतच चांगली.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर्गात एखादा मुलगा असा निघाला की, तो सर्वांची पाने घेतो आणि आपले पान मात्र छातीशी धरून बसतो, तर काय करावे? उर्दूत म्हण आहे, ‘इस हाथ दे, उस हाथ ले.’ कोहेन यांनी हाच नियम प्रोग्रामला शिकवला. त्यांच्या मूळ रचनेत प्रत्येक संगणक एका वेळी साधारण चार जोडीदारांना तुकडे देतो. दर १० सेकंदांनी तो पाहतो, ‘मला कोण चांगले देत आहे?’ जे चांगले देतात, त्यांना तोही देतो. जो काहीच देत नाही, त्याला थांबावे लागते.

पण मुलांनो, जो नुकताच आला आहे, त्याच्याजवळ तर एकही तुकडा नाही. तो देणार काय? आणि दिले नाही तर त्याला मिळणार कसे? केवळ हिशोबाने वागले तर नवीन माणूस दारातच उभा राहील. म्हणून कोहेन यांनी एक जागा राखून ठेवली. दर ३० सेकंदांनी प्रत्येक संगणक एका जोडीदाराची निवड सहज, चिठ्ठी काढल्याप्रमाणे करतो आणि कोणतीही अपेक्षा न ठेवता त्याला तुकडे देतो. नवीन पाहुण्याला पहिला तुकडा असा मिळतो. मग तोही देऊ लागतो. न्यायाबरोबर थोडी उदारता असेल तरच कारभार चालतो, हे इथे दिसते.

ज्याच्याकडे फाइल पूर्ण झाली आहे आणि जो तरीही देत राहतो, त्याला ‘सीड’ म्हणतात. सीड म्हणजे बी. बी शिल्लक असले तरच पुढच्या वर्षी पेरणी होते. सगळ्यांनी फाइल पूर्ण होताच प्रोग्राम बंद केला, तर शेवटी आलेल्याची फाइल ९९ टक्क्यांवर अडकून पडते. एका तुकड्यासाठी सारे काम वाया जाते.

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. आमच्या शाळेत दहा जुने संगणक धूळ खात पडले होते. नवीन सॉफ्टवेअर त्यांना पेलत नव्हते. त्यांच्यावर डेबियन नावाची मुक्त प्रणाली बसवावी, असे आम्ही ठरवले. फाइल जवळजवळ ४ जी.बी.ची होती. पहिल्या दिवशी निम्म्याहून अधिक फाइल आली आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा जोडणी तुटली. तेव्हा मी क्यूबिटटॉरंट बसवला. वीज तेव्हाही गेली. पण परत आल्यावर प्रोग्रामने आलेले तुकडे तपासले आणि जेथे काम थांबले होते तेथून पुढे सुरू केले. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तसे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी फाइल पूर्ण झाली होती.

मुले टाळ्या वाजवू लागली. आठवीतील एका मुलाने लगेच विचारले, “सर, आता यावरून नवीन पिक्चरही उतरवता येईल ना?”

मी म्हणालो, “यंत्राला विचारशील तर ते हो म्हणेल. पण ते हक्काचे आहे का, हे यंत्राला कळत नाही. ते तुला कळायला हवे.”

मुलांनो, हा मुद्दा नीट समजून घ्या. डेबियनच्या निर्मात्यांनी स्वतःच सांगितले आहे की, ही प्रणाली घ्या आणि इतरांना द्या. नवीन चित्रपटाच्या निर्मात्याने तसे सांगितलेले नसते. आपल्या देशात १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदा आहे. पुस्तकाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तो मोडल्यास शिक्षा होऊ शकते. आणि या पद्धतीत तुम्ही नुसते घेत नाही. तुकडा हाती येताच तुम्ही तो दुसऱ्यालाही देऊ लागता. म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीवाचून वाटण्याचा दोष तुमच्याकडे येतो. शिवाय तुमच्या जोडणीचा पत्ता इतर सर्व जोडीदारांना दिसत असतो. येथे कोणी लपून राहत नाही.

आणखी एक सावधगिरी. ठसा जुळला म्हणजे फाइल चांगली आहे, असे समजू नका. जी फाइल देऊ असे सांगितले होते तीच मिळाली, एवढेच ठसा सांगतो. मुळात फाइलमध्येच व्हायरस असेल, तर तोही एकही अक्षर न बदलता तुमच्या घरी येईल! म्हणून टॉरंट फाइल विश्वासाच्या ठिकाणाहूनच घ्यावी. डेबियन, उबुंटू, लिबरऑफिस यांच्या संस्था आपल्या संकेतस्थळांवरच टॉरंट देतात. अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयाने २०१२ सालापासून आपली लाखो पुस्तके व ध्वनिफिती टॉरंटने द्यायला सुरुवात केली. अशा ठिकाणी जा. मोठ्यांना विचारून जा.

त्याच दिवशी एका मुलीने दुसरा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “सर, आपले काम तर झाले. आता प्रोग्राम बंद करू?”

मी तिला पडद्यावरील एक आकडा दाखवला. त्याला ‘रेशो’, म्हणजे प्रमाण, म्हणतात. आपण जेवढे दिले त्याला जेवढे घेतले त्याने भागले की हा आकडा येतो. आपण ४ जी.बी. घेतले होते आणि १ जी.बी. दिले होते. म्हणून तेथे ०.२५ असे दिसत होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आपल्यावर अजून ३ जी.बी.चे कर्ज आहे!”

कायद्याने हे कर्ज कोणी मागत नाही. प्रोग्राम बंद करण्याची मोकळीक सर्वांना आहे. पण मुलांनी एकमताने ठरवले की, आकडा १.०० झाल्याशिवाय बंद करायचे नाही. आता अडचण अशी होती की, कार्यालयालाही तीच इंटरनेट जोडणी लागत असे. क्यूबिटटॉरंटमध्ये त्यावर उपाय आहे. किती वेगाने घ्यावे आणि किती वेगाने द्यावे, याची मर्यादा ठरवता येते. ठरावीक वेळी वेग कमी करण्याचे वेळापत्रकही लावता येते. प्रमाण अमुक झाले की आपोआप थांब, असेही सांगता येते. आम्ही शाळेच्या वेळेत वेग कमी ठेवला आणि सुटल्यानंतर वाढवला. घरी तुमचा डेटा मोजका असेल, तर तुम्हीही अशी मर्यादा अवश्य ठेवा. ऐपतीपेक्षा जास्त दान करावे, असे कोणी म्हणत नाही.

या प्रोग्राममध्ये जोडीदारांच्या नावासमोर त्यांच्या देशाचा झेंडा दाखवण्याची सोय आहे. रोज सकाळी मुले आधी ते झेंडे पाहत. कधी ब्राझील, कधी इंडोनेशिया. तेथे कोण बसले आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. कदाचित एखादी शाळाच असेल. तिच्याकडेही जुने संगणक असतील.

शेवटी ‘मुक्त’ या शब्दाबद्दल थोडे सांगतो. क्यूबिटटॉरंट हा मुक्त स्रोत प्रोग्राम आहे. म्हणजे तो ज्या सूचनांनी बनला आहे, त्या सूचना कोणालाही वाचता येतात. तो जी.पी.एल. नावाच्या परवान्याखाली दिला जातो. ‘परवाना’ हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचा आहे. शायरीत परवाना दिव्यावर झेप घेतो. इथे मात्र परवाना म्हणजे लेखी मुभा. हा परवाना १९८९ साली अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी तयार केला. त्यात सांगितले आहे की, प्रोग्राम वापरा, त्याचा अभ्यास करा, त्यात बदल करा, तो इतरांना द्या. फक्त एक अट आहे. बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याच्या सूचनाही मोकळ्या ठेवा. म्हणजे जे तुम्हांला मोकळे मिळाले, ते पुढच्याला बंद करून देऊ नका.

पाहा बरे, प्रोग्राम ज्या नियमाने फाइली वाटतो, त्याच नियमाने तो स्वतःही वाटला जातो. घेणाऱ्याने देणारा व्हावे, हाच तो नियम.

नवव्या दिवशी पडद्यावर १.०० हा आकडा दिसला. मी त्या मुलीला म्हणालो, “घे, आता बंद कर.” ती पडद्याकडे पाहत म्हणाली, “सर, एकाची फाइल ९४ टक्के झाली आहे. त्याची पूर्ण होऊ द्या. मग करू.”

शब्दार्थ

ताण – भार, बोजा
ताडून पाहणे – जुळवून पाहणे, मिळवून तपासणे
दुर्मीळ – सहज न मिळणारे, नायाब
तरतूद – आधी करून ठेवलेली सोय, इंतजाम
उदारता – मोठ्या मनाने देणे, सखावत
हयात – जीवन, जिवंत असण्याचा काळ
मुभा – परवानगी, इजाजत
ऐपत – खर्च करण्याची शक्ती, हैसियत
स्वयंसेवक – मोबदला न घेता काम करणारा

वाक्प्रचार

धूळ खात पडणे – न वापरता पडून राहणे
वाया जाणे – फुकट जाणे
पाळी येणे – क्रम येणे, बारी येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) बिटटॉरंट ही पद्धत कोणी तयार केली?
(२) टॉरंट फाइलमध्ये काय असते?
(३) ‘सीड’ कोणाला म्हणतात?
(४) शाळेतील जुन्या संगणकांसाठी कोणती प्रणाली आणली?

प्र. २. कारणे लिहा.
(१) प्रोग्राम कमी लोकांकडे असलेला तुकडा आधी मागतो.
(२) दर ३० सेकंदांनी एका जोडीदाराला अपेक्षा न ठेवता तुकडे दिले जातात.
(३) ठसा जुळला तरी फाइल चांगली आहे असे समजू नये.

प्र. ३. हिशोब करा.
(१) फाइल २ जी.बी.ची आहे आणि एक तुकडा २ एम.बी.चा आहे, तर एकूण तुकडे किती?
(२) एका मुलाने ५ जी.बी. घेतले व २ जी.बी. दिले. त्याचे प्रमाण किती?

प्र. ४. ‘यंत्राला विचारशील तर ते हो म्हणेल,’ असे सर का म्हणाले? पाच-सहा वाक्यांत लिहा.

प्र. ५. पुढील शब्द मराठीत व उर्दूत दोन्हींकडे वापरले जातात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
परवाना, कायदा, हक्क, कर्ज

उपक्रम : वर्गात दहा पानांचा एक मजकूर घ्या. आधी रांगेच्या पद्धतीने व नंतर अदलाबदलीच्या पद्धतीने तो दहा मुलांनी उतरवावा. दोन्ही वेळा किती मिनिटे लागली, याची नोंद करा.